तिसरी हाक

“मग लिहून द्यायला काय हरकत आहे, ताई? दोनच ओळी. गजरा माझी वारस, एवढंच.”

द्वारकाताईंच्या चष्म्याची दांडी मोडली होती, तिला त्या पांढरा दोरा गुंडाळत होत्या.

गजरा थांबली. दोरा संपेना.

दुपारचा एक वाजत आलेला. जिनिंगच्या चाळीतली अगदी शेवटची खोली. मागं बंद पडलेलं कापसाचं जिनिंग, पुढं बोळ, बोळात कुणीही नाही. खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह, भिंतभर पुस्तकं. भांडी म्हणाल तर एका माणसाची. ताट एक, वाटी एक, पेला एक.

या एका ताटाच्या बाईनं एकेकाळी चार तालुके हलवले होते. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका गोळा करून कचेरीवर नेल्या, त्यांची नावं रेशनकार्डावर चढवली, घराच्या उताऱ्यावर चढवली. पुस्तकं लिहिली. त्यातलं पिवळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक तर बायका पदराखाली लपवून वाचायच्या. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या झाल्या. सत्काराला गाडी येते, हार पडतो, गाडी परत आणून सोडते. मग पुढच्या सत्कारापर्यंत कुणी दार वाजवत नाही.

गजरासुद्धा सात महिन्यांनी आली होती. आणि काम घेऊनच आली होती. हे तिलाही कळत होतं, म्हणून येताना तिनं केळी आणली होती.

“ताई, ऐकताय ना?”

“ऐकतेय.”

“रविवारी मेळावा आहे. संघटनेची नवीन अध्यक्ष निवडायची. तुम्हाला ठाऊकच आहे कसं असतं. मंचावरून नाव पुकारतात, जिचं नाव पुकारलं तिनं उठून पुढं जायचं. मग बायका हात वर करतात.”

“ठाऊक आहे. ती पद्धत मीच घातली.”

“तिकडून शर्मिष्ठा मॅडम उभ्या राहतायत. कॉलेजातल्या. इंग्रजी फाडफाड. मला काय म्हणाल्या माहितीय? सगळ्यांसमोर? गजराताई भाषण छान करतात, पण वाक्यं सगळी ताईंची असतात.”

“मग? नसतात?”

गजराच्या डोक्यात तिडीक गेली. पण ती गिळली. गुरू होत्या.

गजरा चौथी शिकलेली. वय सत्तेचाळीस. नवऱ्यानं टाकली तेव्हा सव्वीसची होती, अंगावरच्या लुगड्यानिशी संघटनेच्या ऑफिसात आली आणि तिथंच राहिली. खरोखरच राहिली. ऑफिसच्या मागच्या खोलीत तिची वळकटी, तिची ट्रंक. माहेर नाही, सासर नाही, पोर नाही. सगळ्या जगात एक ऑफिस. मॅडम निवडून आल्या की ती खोली ‘ग्रंथालय’ होणार होती, तसं बोलणं कानावर आलं होतं. आणि गजरानं काय करायचं? शिबिराचा स्वयंपाक. ते कुणी बोललं नव्हतं, पण गजराला दिसत होतं.

म्हणून दोन ओळी हव्या होत्या.

“वाक्यं तुमचीच आहेत,” ती म्हणाली. “मी कधी नाही म्हटलं? उलट मी तर पुढचं पाऊल टाकलंय. मेळाव्यात सांगणार होते, पण तुम्हाला आधी दाखवते.”

तिनं पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. पाकिटातून कागद. सरकारी गॅझेटचा, शिक्क्याचा.

“वाचा.”

ताईंनी चष्मा चढवला. दोऱ्याची दांडी कानावर बसेना, तर हातानं धरून वाचलं.

गजरा त्यांच्या तोंडाकडं बघत होती. आता डोळे भरतील. आता जवळ ओढतील. हा क्षण तिनं एस.टी.त बसल्या बसल्या चारदा बघून घेतला होता.

कागदावर लिहिलं होतं की जुनं नाव अमुक, नवीन नाव : गजरा द्वारका बोडखे.

“मधलं नाव नवऱ्याचं होतं, काढून टाकलं,” गजरा म्हणाली. “आडनाव त्याचं होतं, तेही काढलं. बापानं तर मला दारातसुद्धा उभं केलं नाही, त्याचं कशाला लावू? ज्या बाईनं दुसरा जन्म दिला तिचं लावलं. तुमचं. आता मी तुमची लेक. कागदोपत्री.”

…

“जेवलीस का?” ताईंनी विचारलं.

“अं?”

“जेवलीस का म्हटलं.”

“नाही. पण ताई—”

“तो तांदळाचा डबा काढ. ताटात ओत.”

गजरानं डबा काढला. जरा जोरातच आपटला. ताटात दोन मुठी तांदूळ ओतले.

“अजून. पसर. असे नाही, सपाट कर.”

गजरानं तळहातानं तांदूळ सारखे केले. आणि हात तिथंच थबकला.

असं ताट तिनं एकदा पाहिलं होतं. लग्नाच्या दिवशी, सासरच्या घरात, माप ओलांडून आत गेल्यावर. नवऱ्यानं अंगठीनं तांदळात नाव लिहिलं होतं. वैशाली. आजूबाजूच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. गजराला वाटलं होतं, ही वैशाली कोण? मग कळलं.

“लिही,” ताई म्हणाल्या. “कागदावरचं लिही.”

“तांदळात?”

“शाई लागत नाही. लिही.”

गजरानं बोटानं लिहिलं. चौथीचं अक्षर, मोठं, गोल. गजरा. द्वारका. बोडखे. ताट पुरेना, बोडखेचा ‘खे’ कडेला दाटीवाटीनं बसवावा लागला.

“यातलं तुझं किती?”

“सगळं माझंच आहे आता. सरकारचा शिक्का आहे.”

“पहिल्या दिवशी ऑफिसात आलीस, तेव्हा मी तुला नाव विचारलं. काय सांगितलंस?”

“वैशाली.”

“मग मी काय म्हणाले?”

“आईनं काय ठेवलं होतं, म्हणालात.” गजराचा आवाज थोडा खाली आला. “मी गजरा म्हटलं. तुम्ही रजिस्टरात गजरा लिहिलंत. नऊ वर्षांनी कुणीतरी मला गजरा म्हटलं. मी रडले होते.”

“रडलीस कुठं? धाय मोकललीस. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली होती, काय झालं बघायला.”

गजराला हसू आलं. ताईंना नाही आलं.

“द्वारका कुणी ठेवलं?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“हे मधलं. द्वारका. कुणी ठेवलं ते माझं नाव?”

“तुमच्या आईवडलांनी. आणखी कुणी?”

ताईंनी ताट स्वतःकडं ओढलं. सुरकुतलेल्या बोटानं ‘द्वारका’वर एक आडवी रेघ ओढली, मग ‘बोडखे’वर. तांदूळ बाजूला झाले, खालचं स्टील चमकलं.

“बोडख्यांच्या थोरल्यानं. अंगठीनं. असंच ताट होतं, पितळेचं. त्याची मावशी द्वारकेला जाऊन आली होती त्या साली.”

…

गजराला नीट कळेना. म्हणजे शब्द कळले, पण आत उतरेनात.

या बाईनं पिवळ्या पुस्तकात लिहिलं होतं, ‘ज्या तांदळात माझं नाव पुसलं, त्याच तांदळाचा भात मी त्याला रांधून वाढला.’ गजरानं हे वाक्य एकशेवीस गावांत म्हटलं होतं. हात वर करून, मूठ आवळून. बायका त्यावर हमखास रडायच्या. आणि त्याच पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात काय छापलं होतं? द्वारका बोडखे.

“मग तुम्ही… बदललं का नाही?”

“घर सोडलं तेव्हा दोन पुस्तकं आली होती. त्यावर तेच नाव. बायका कुठून कुठून पत्ता काढत यायच्या, द्वारकाताई कोण, द्वारकाताई कोण म्हणत. डोकं फुटलेल्या, हात मोडलेल्या. त्यांना काय सांगायचं? थांब गं बाई, आधी मी माझं नाव बदलून येते?”

“एवढंच कारण?”

ताईंनी मान वर केली. ही पोरगी आता पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न विचारत होती. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“नाही. लाज वाटायची.”

“कशाची?”

ताईंनी ताट हलवलं. सगळी अक्षरं गेली. ‘गजरा’सुद्धा गेली. मग त्यांनी त्या सपाट तांदळात दोनच अक्षरं काढली आणि ताट गजराकडं फिरवलं.

ठकू.

गजरानं वाचलं. आणि तिच्या तोंडून फस्सकन हसू फुटलं.

तिनं जीभ चावली. पण हसू आलं ते आलं. पुस्तकं लिहिणाऱ्या, कलेक्टरला अंगणात उभं करणाऱ्या द्वारकाताई… ठकू! शेणाच्या पाट्या वाहणाऱ्या पोरीचं नाव. कुणीही ‘ए ठके’ म्हणून हाकलावी असं.

“हसलीस ना,” ताई म्हणाल्या. “मीही हसायचे. सभेत एखादी ठकी, धोंडी निघाली की मी म्हणायचे, बाई, नाव अभिमानानं सांग. आणि माझं दाबून ठेवायचे. ठकू बोडखे म्हणून पुस्तक कुणी घेतलं असतं? मला द्वारका आवडायला लागलं होतं, गजरा. भारदस्त होतं.”

…

“लग्नानंतर तुम्हाला या नावानं कुणी हाकच मारली नाही?”

“आईनं. सगळं सोडून मी या गावाला यायला निघाले, भाऊ घराबाहेर आला नाही, ती एकटी आली स्टँडवर. एस.टी. हलली तेव्हा खालून ओरडली. ठकू, जेवत जा गं. मी खिडकीतून मान आत घेतली. शेजारी कुणी बसलं होतं, त्यांनी ऐकू नये म्हणून.” त्यांनी दोऱ्याचा तुकडा बोटाला गुंडाळला. सोडला. “चव्वेचाळीस वर्षं झाली. परत गेले तेव्हा ती नव्हती.”

गजरा उठली.

आता तिला राग आला. चांगला पायापासून आला. एवढी वर्षं! एवढी वर्षं हिच्या वाक्यांवर जगलो, हिचं नाव गॅझेटात छापून आणलं, आणि ते निघालं कुठल्यातरी बोडख्याच्या थोरल्याचं. एका पुरुषानं ताटात लिहिलेलं नाव पुसलं आणि दुसऱ्यानं लिहिलेलं शिक्का मारून घरी आणलं. ते पण परक्या बाईच्या नवऱ्यानं लिहिलेलं.

“फसवलंत तुम्ही,” ती म्हणाली. “आम्हाला सगळ्यांना फसवलंत.”

“हो.”

“हो काय? हो म्हणून मोकळ्या झालात? मी रविवारी काय करू? मंचावर पुकारतील, गजरा द्वारका बोडखे. मीच तसं लिहून दिलंय. बॅनर छापलाय. द्वारकाताईंची लेक म्हणून. ते काढलं तर माझ्याकडं राहतं काय? चौथी पास आणि एक वळकटी!”

ताई भिंतीकडं बघत होत्या.

“बोला ना! एकशेवीस गावांत बोलायला लावलंत, आता स्वतः बोला!”

“डाळ नाहीये,” ताई म्हणाल्या. “नुसता भातच टाक. तूप असेल थोडं.”

आणि त्या उठल्या, भिंत धरत धरत दाराबाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. पाठ खोलीकडं, तोंड रिकाम्या बोळाकडं.

गजरानं पिशवी खांद्याला लावली. निघायचंच होतं. दोनची गाडी मिळाली असती.

दारापर्यंत गेली. मागं वळून पाहिलं, तर ताट तसंच जमिनीवर. त्यात ते दोन अक्षरांचं नाव. मुंग्या लागतील म्हणून ती परत आली. एवढ्यासाठीच आली, दुसरं काही नाही.

ताट मांडीवर घेतलं. तांदूळ निवडायला लागली. खडे निघाले चार, एक काळा दाणा निघाला. निवडता निवडता ‘ठ’ गेला, मग ‘कू’ गेला. तांदूळ तेवढे राहिले. कुणाचेही नसलेले. धुतले, पाणी घातलं, स्टोव्ह पेटवला.

भात शिजेपर्यंत तिनं खोली बघितली. इतकी वर्षं येत होती, पण बघितली कधी? प्रत्येक वेळी काहीतरी मागायला यायची. भाषणासाठी मुद्दे, पत्र, सही. कॉटच्या कडेला उशी एक. दोरीवर लुगडं एक. कॅलेंडर गेल्या वर्षीचं, पान जूनचं. कुणीतरी सत्कारात दिलेल्या चौदा शाली ट्रंकेवर रचलेल्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. एकही शाल पांघरलेली नाही. आपली वळकटी तिला आठवली. आपल्या खोलीतही शाली तीन झाल्या होत्या.

 

पातेलं उतरवलं. खाली ठेवायला काही दिसेना, जमिनीवर पाकिटाजवळ कागद पडला होता, त्याची घडी करून त्यावर पातेलं ठेवलं. ठेवल्यावर लक्षात आलं तो कुठला कागद. राहू दिला.

“ताई, जेवायला या.”

ओट्यावरची पाठ हलली नाही.

ऐकू आलं नसेल. वय झालंय.

“द्वारकाताई! या, भात झालाय.”

पाठ हलली नाही. आता मात्र ऐकू आलं होतं, कारण बोळातलं कुत्रं मान वर करून बघायला लागलं होतं.

गजराचं डोकं फिरलं. इतका वेळ बोलायचं नाही, आता जेवायलाही उठायचं नाही. रुसायचं काय ते? रुसायचं तर मी! हातातली पळी तशीच, कपाळावर घाम, आणि ती अशी ओरडली की बोळ दणाणला.

“अगं ए ठकू! गार होतोय भात! ये की गं!”

ओरडली आणि हबकली. तोंडावर हात गेला.

पण ओट्यावर काहीतरी झालं होतं. म्हातारी उठली होती. भिंत न धरता उठली होती.

“आले,” ती म्हणाली. “आले गं.”

आवाज ताईंचा नव्हता. सभेतला नव्हता. कुणाच्या तरी परकरातल्या पोरीचा होता.

त्या आत आल्या, पाटावर बसल्या. ताट एकच होतं. गजरानं त्यांना ताटात वाढलं, आपल्याला पातेल्याच्या झाकणावर घेतलं. तूप दोघींना थेंब थेंब आलं.

ताईंनी पहिला घास घेतला. बराच वेळ चघळला. डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही, तसंच वाहू दिलं, आणि दुसरा घास घेतला.

गजरानं घास उचलला, खाली ठेवला.

“रविवारी…” ती म्हणाली. 

“रविवारी तुला हाका मारतील,” ताई म्हणाल्या. “पहिल्या दोन हाकांना उठू नकोस.”

 बाहेर कुत्रं पुन्हा पाय पसरून झोपलं. गजराला सभेचा मांडव दिसला. पुकारलेलं नाव दिसलं, जागची न उठलेली ती स्वतः दिसली, माना वळवून बघणाऱ्या बायका दिसल्या, शर्मिष्ठा मॅडमचं बारीक हसू दिसलं. दुसऱ्यांदा पुकारलेलं नाव. पुन्हा ती बसलेलीच. आणि मग नुसतं ‘गजरा’…

“आणि तिसरी हाक आलीच नाही तर?”

ताईंनी ताट पुढं सरकवलं.

“मला चव्वेचाळीस वर्षं लागली. वाढ, अजून थोडा वाढ.”